पहिल्या धारेचे गणित: मोहाची भट्टी, बाष्पदाब आणि अबकारीचा काटा

‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की तो भट्टीवरून आला, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पहिल्या धारेची म्हणजे अस्सल, कडक, पाणी न घातलेली. ही धार इतकी कडक का असते आणि शेवटची धार पाण्यासारखी का होते, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. त्याच सुमारास त्याच प्रश्नावर ब्रिटिश सरकारचा महसूल उभा होता. हा थ्रेड त्या धारेचा, आणि तिची सुरुवात झाडीपट्टीतून होते.

गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव तालुका म्हणजे धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव याच तालुक्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये इथे मोह फुलतो. रात्रभर टपटपणारी पिवळसर, गरदार फुले उजाडण्याच्या आत वेचली जातात आणि अंगणात वाळत घातली जातात. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. त्यामुळे ते खाल्ले जाते, गुरांना घातले जाते, टंचाईच्या वर्षासाठी राखले जाते आणि आंबवलेही जाते. गोंड समाजात जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगांच्या विधींत मोहाच्या दारूचे स्थान आहे. ती गाळणे हा कलार समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या चार खंडांत या व्यवसायाची नोंद आहे.

पाण्यात भिजवून आंबवलेल्या मोहफुलांना इकडे ‘सडवा’ म्हणतात. सडव्यात अल्कोहोल फारसे नसते. सोयीसाठी ते आकारमानाने सुमारे ६ टक्के आहे असे धरू. सडवा भांड्यात तापतो, वाफ नळीतून जाते, थंड होते आणि थेंबथेंब गळू लागते. हे पहिले थेंब आगीवर टाकले तर भडका उडतो. सडव्यावर मात्र कितीही काड्या ओढल्या तरी तो पेटत नाही. ६ टक्क्यांच्या द्रवातून पेटणारा द्रव निघाला, तो कसा?

याचे शालेय उत्तर असे की अल्कोहोल ७८.४ अंश सेल्सियसला उकळते, पाणी १०० अंशांना, म्हणून अल्कोहोल ‘आधी’ निघते. हे उत्तर अर्धवट आहे. ६ टक्क्यांचा सडवा ७८ अंशांना उकळत नाही. तो साधारण ९५ अंशांना उकळतो आणि त्याच्या वाफेत अल्कोहोल व पाणी दोन्ही असतात. खरा प्रश्न वाफेत कोणाचा वाटा किती, हा आहे. त्यासाठी ‘बाष्पदाब’ समजून घ्यावा लागतो.

कोणत्याही द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सतत निसटत असतात. बंद भांड्यात हे निसटलेले रेणू जो दाब निर्माण करतात, तो त्या द्रवाचा बाष्पदाब. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर असतो, तर अल्कोहोलचा ५९. म्हणजे अल्कोहोलचे रेणू अधिक उडाऊ. तापमान वाढले की दाब वाढतो, आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो.

दोन द्रव मिसळले तर काय होईल? याचे सर्वांत सोपे उत्तर फ्रान्समधील ग्रेनोबलच्या फ्रांस्वा-मारी राऊल्ट यांच्या नावाने ओळखले जाते. १८८७ साली त्यांनी मांडलेल्या नियमाचा आशय असा: मिश्रणात एखाद्या द्रवाचे जितके रेणू, तितकाच त्याच्या बाष्पदाबातला वाटा. शंभरात दहा रेणू असतील तर त्याच्या शुद्ध अवस्थेतील दाबाचा एक दशांश. हा नियम प्रत्येक प्रमाणात तंतोतंत पाळणारे मिश्रण ते ‘आदर्श द्रावण’. अशा द्रावणात दोन्ही प्रकारच्या रेणूंना शेजारी कोण आहे याने काही फरक पडत नाही. मिसळताना ते तापत नाही, गार होत नाही, आणि ५० मिलिलिटरमध्ये ५० मिलिलिटर घातले तर बरोबर १०० मिलिलिटर होतात.

अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण असे अजिबात नाही. ५० मध्ये ५० घातले तर १०० भरत नाहीत, सुमारे ९६ च भरतात, आणि भांडे हाताला कोमट लागते. दिमित्री मेंडेलीव्ह यांचा १८६५ चा डॉक्टरेटचा प्रबंध अल्कोहोल व पाण्याच्या संयोगावर होता. त्यावरून ‘मेंडेलीव्हने वोडकाची ४० टक्के तीव्रता ठरवली’ अशी दंतकथा आजही समाजमाध्यमांवर फिरते. तिला आधार नाही. तो प्रबंध दारूवर नव्हता, द्रावणांच्या घनतेवर होता.

आता सडव्याकडे परत. ६ टक्के अल्कोहोल म्हणजे रेणूंच्या हिशेबाने हजारात १९. बाकी ९८१ रेणू पाण्याचे. हे मिश्रण आदर्श असते तर राऊल्टच्या नियमाने त्याच्या वाफेत हजारात सुमारे ४० रेणू अल्कोहोलचे आले असते. ती वाफ थंड केली की मिळाला असता सुमारे १२ टक्के तीव्रतेचा द्रव, म्हणजे फार तर कडक वाइन. त्यावर काडी ओढली असती तर ती विझली असती.

प्रत्यक्ष मोजमाप वेगळेच सांगते. हजारात १९ रेणू असलेल्या मिश्रणाच्या वाफेत हजारात सुमारे १७० रेणू अल्कोहोलचे असतात. थंड केल्यावर तीव्रता ४१ टक्क्यांच्या आसपास जाते. आदर्श नियमाने जे मिळायला हवे त्याच्या तिपटीहून अधिक. कारण अल्कोहोलच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमवून घेते, पण दुसरे तेलकट असते. चहूकडून पाण्याने वेढलेला असा रेणू द्रवात अडून राहत नाही. तो शुद्ध अल्कोहोलमध्ये असताना जितक्या सहज निसटला असता, त्याच्या कितीतरी पट सहज निसटतो. यालाच राऊल्टच्या नियमापासूनचे ‘धन विचलन’ म्हणतात. झाडीपट्टीतल्या पहिल्या धारेचा कडकपणा या विचलनाचा आहे. सडवा आदर्श द्रावण असता, तर ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचारच मराठीत आला नसता.

भांड्यातले अल्कोहोल असे भराभर निघून जाते, म्हणून पुढची प्रत्येक धार आधीच्यापेक्षा फिकी होत जाते. या उतरत्या क्रमाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९०२ साली मांडले. भट्टीवाला मात्र कधी थांबायचे हे जिभेवरून आणि ज्वाळेवरून ठरवत असे.

हे विचलन प्रथम कोणी पद्धतशीर मोजले? राऊल्टच्याही आधी, १८८१ साली, रशियन रसायनज्ञ दिमित्री कोनोवालोव्ह यांनी पाणी आणि निरनिराळ्या अल्कोहोलांच्या मिश्रणांचे बाष्पदाब मोजून प्रसिद्ध केले. गंमत अशी की इतिहासाच्या क्रमात अपवाद आधी मोजला गेला आणि नियम नंतर आला. राऊल्ट यांचे काम मुख्यतः न उडणारे पदार्थ विरघळवलेल्या द्रावणांवर होते. दोन उडाऊ द्रवांचे खरोखर आदर्श मिश्रण अस्तित्वात आहे काय, हे लाइप्झिगमध्ये यान झाविझ्की यांनी १९०० साली बारकाईने तपासले. अशी मिश्रणे त्यांना सापडली, पण ती एकमेकांची जवळजवळ भावंडे असलेल्या द्रवांची होती. या विचलनांसाठी १८९५ मध्ये समीकरण देणारे माक्स मार्ग्युलेस हे व्हिएन्नाचे हवामानशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईत, १९२० साली, ते उपासमारीने वारले. त्यांचे समीकरण आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकावे लागते.

मग भट्टी किती जुनी? इथे सावध राहायला हवे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष आहे, सुरेचे अनेक प्रकार आहेत, पण ती सगळी आंबवलेली पेये असावीत. दुसरीकडे, तक्षशिला आणि चारसद्द्याजवळच्या शेखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये असे सुचवले की गांधार प्रदेशात दोन हजार वर्षांपूर्वी ऊर्ध्वपातन होत असावे. हा वाद मिटलेला नाही. निश्चित असे इतके की रसशास्त्राच्या ग्रंथांत पारा शुद्ध करण्यासाठी तिर्यक्पातन यंत्राचे वर्णन आहे, आणि अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत उसाच्या दारूचा अर्क काढण्याच्या रीती दिल्या आहेत. शब्दांत हा प्रवास दिसतो. ‘ऊर्ध्वपातन’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द रसशास्त्रातून आला, तर ‘अर्क’ अरबीतून, जिथे त्याचा मूळ अर्थ घाम. थंड भांड्याखाली जमणारे थेंब पाहणाऱ्याला हा शब्द सुचणे स्वाभाविकच होते.

आता सरकार. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि त्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. आजचा अर्जुनी मोरगाव तालुका तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो थेट १९९९ मध्ये. दारूवर कर बसवायचा तर नव्या सरकारपुढे एक अवघड पेच होता: कर नेमका कशावर बसवायचा?

पहिला उपाय भांड्यावर कर घेण्याचा. एखाद्या मुलखात भट्टी लावण्याचा हक्क लिलावात विकायचा, मग ठेकेदाराने किती गाळली आणि किती कडक गाळली हे विचारायचे नाही. याला ‘आउटस्टिल’ पद्धत म्हणत. जंगल आणि जमीनदारी मुलखासाठी ती सोयीची होती, कारण तिला ना वजनकाटा लागे ना शिपाई. पण ठेक्याची रक्कम ठरलेली असल्याने जितकी अधिक आणि स्वस्त दारू खपेल तितका ठेकेदाराचा नफा. सरकारच लोकांना दारू पाजते, असा आरोप बंगालपासून सर्वत्र याच पद्धतीवरून झाला, आणि तो निराधार नव्हता.

दुसरा उपाय द्रवातल्या अल्कोहोलवर कर घेण्याचा. त्यासाठी गाळप सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत आणायचे आणि प्रत्येक गॅलनमागे शुल्क आकारायचे. पण कोणता गॅलन? पहिल्या धारेचा की शेवटच्या? ६ टक्के आणि ४१ टक्के यांच्यावर सारखाच कर लावला तर कोणीही कडकच गाळील आणि दुकानात पाणी ओतील. म्हणून तीव्रता मोजणे भाग पडले. इंग्लंडमध्ये १८१६ च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्स यांचे द्रवघनतामापक अधिकृत झाले होते. पितळेचा गोळा, वर अंश कोरलेली दांडी, खाली वजने. दांडी किती बुडते त्यावरून तीव्रता कळे. हेच उपकरण हिंदुस्थानच्या अबकारी गोदामांत आले.

त्याबरोबर ‘प्रूफ’ हा शब्दही आला. त्याची कुळकथा रंजक आहे. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून काडी लावायची, ती तरीही पेटली तर मद्य कसोटीला उतरले. गोळीची दारू आणि पिण्याची दारू यांना मराठीत एकच शब्द आहे, आणि इंग्रजांनी एकीने दुसरीची परीक्षा घेतली, हा योगायोग नोंदवण्यासारखा. पुढे घनतेच्या आधारे ‘लंडन प्रूफ’ निश्चित झाले. ते आजच्या हिशेबाने ५७.१ टक्के. त्याच्या २५ अंश खालची, म्हणजे ‘२५ अंडर प्रूफ’, तीव्रता ४२.८ टक्के. भारतात बनणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर आजही ४२.८ असा विचित्र अपूर्णांक छापलेला असतो, त्याचे मूळ इथे आहे. साइक्सचा गोळा गेला, गॅलन गेले, साम्राज्य गेले, अपूर्णांक राहिला. तो मोहाच्या पहिल्या धारेच्या कागदावरच्या तीव्रतेजवळ येतो, हा मात्र निव्वळ योगायोग.

१९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने आउटस्टिलऐवजी मोठ्या, नियंत्रित भट्ट्यांचा पुरस्कार केला. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा आला. गावातले भांडे आता परवान्याशिवाय गुन्हा ठरू लागले. विधीसाठी लागणारी दारू घरी गाळणारे कुटुंब आणि चोरून विकणारा व्यापारी यांत भेद करायला काटा किंवा कलम यांपैकी कशालाच फारसे जमले नाही.

मुंबई इलाख्यात तर सरकार आणखी एक पाऊल मागे, थेट झाडाखाली गेले. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळप ताब्यात घेतले, तरी ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत भट्ट्या धुमसतच होत्या. वाफेवर पहारा ठेवता येत नव्हता, म्हणून १८९२ च्या मोहफूल कायद्याने त्या जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध घातले. जे फूल गरिबाच्या ताटातही होते, ते संशयाची वस्तू बनले. महसुली दृष्टीने हा उपाय चतुर असेल, पण अबकारीच्या इतिहासातला तो सर्वांत कठोर म्हणावा लागेल.

रसायनशास्त्राकडे एकदा पुन्हा वळावे लागेल, कारण ज्या विचलनाने पहिली धार कडक केली त्यानेच एक भिंतही बांधली आहे. ४१ टक्क्यांचा द्रव पुन्हा गाळला तर पहिले थेंब सुमारे ७९ टक्क्यांचे येतात. तिसऱ्यांदा ८८. उडी दरवेळी आखूड होत जाते. वजनाने ९५.६ टक्क्यांना, म्हणजे आकारमानाने सुमारे ९७ टक्क्यांना, ती संपते. इथे द्रव आणि वाफ यांतले प्रमाण अगदी सारखे होते, उत्कलनबिंदू ७८.२ अंशांवर, म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्याही किंचित खाली, स्थिरावतो आणि कितीही वेळा गाळले तरी तीव्रता वाढत नाही. अशा मिश्रणाला १९११ मध्ये ‘ॲझिओट्रोप’ हे नाव मिळाले. अर्थ असा की उकळताना जे बदलत नाही. ही भिंत ओलांडायला सिडनी यंग यांनी १९०२ साली बेंझीन मिसळण्याची युक्ती काढली. आज पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल बनवणारे कारखाने हेच काम रेणूंच्या चाळणीने करतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना या शेवटच्या चार-पाच टक्के पाण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागते, ती या एका विचलनामुळे.

याच भौतिकीशी जोडलेला एक समज जीवघेणा आहे. ‘पहिली धार थोडी फेकून दिली की विषारी मिथेनॉल निघून जाते’ असे अनेक जण मानतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून हे पटण्यासारखे वाटते. पण मिथेनॉलच्या रेणूचा तेलकट भाग छोटा, त्यामुळे ते पाण्याशी इथेनॉलपेक्षा अधिक जुळवून घेते आणि पातळ मिश्रणातून सगळे एकदम बाहेर पडत नाही. ते पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत पसरलेले असते. पहिल्या थेंबांबरोबर काही उग्र वासाचे घटक जातात इतकेच. मुळात मोठ्या विषबाधा फुलातून तयार झालेल्या मिथेनॉलने घडत नाहीत. कारखान्यांसाठीचे मिथेनॉल दारू म्हणून विकले जाते, तेव्हा त्या घडतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली ती अशा मिथेनॉलने. ते विष धारेच्या क्रमाने वेगळे होत नाही आणि जिभेलाही कळत नाही.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. गोंदिया जिल्ह्यात संपूर्ण दारूबंदी नाही, शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत कलम ६५ खालच्या कारवाईची बातमी जवळपास सारखीच असते: अमुक किलो मोहफुलाचा सडवा नष्ट, तमुक लिटर दारू जप्त. पश्चिम महाराष्ट्रात त्याच सडव्याला पोलीस ‘कच्चे रसायन’ म्हणतात. जप्त दारूचा नमुना बाटलीत बंद करून प्रयोगशाळेकडे जातो. त्यातले अल्कोहोल मोजायच्या प्रमाणित रीतीत नमुना आधी काचेच्या पात्रात घालून पुन्हा गाळतात, वाफ थंड करून जमा करतात आणि मग त्या द्रवाची घनता घेतात.